व्याही-विहिणीची नोटीस

बेरिल ओल्डरॉइडनं आयुष्यात एकही गोष्ट चोरून केली नाही, असं ती स्वतःच सांगायची, आणि कार्लथॉर्प गावात तिचं म्हणणं खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळं तिच्या लग्नाची बातमी गावाला आधी आणि घराला नंतर कळली, यातही तिला काही वावगं वाटलं नाही.

बातमी आणली नातीनं, टॅम्सिननं. ती आपल्या मित्राबरोबर नगरभवनातल्या नोंदणी कचेरीत स्वतःचीच नोटीस द्यायला गेली होती. त्या दोघांना लग्न नको होतं, कायद्यानं नोंदवलेली जोडीदारी हवी होती, आणि त्यावरून तिचा बाप रसेल नाताळापासून फुगून बसला होता. भागीदारी करायला तुम्ही काय दुकान काढताय, असं तो येताजाता विचारायचा. तर लग्न असो की जोडीदारी, नोटीस दोघांनी स्वतः जाऊन द्यावी लागते, आणि कचेरीतली बाई एकेकाला वेगळं आत घेऊन दुसऱ्याची माहिती विचारते. मित्र आत बसून टॅम्सिनची जन्मतारीख आठवत होता. त्याला वेळ लागत होता, म्हणून ती बाहेरच्या फळ्यावरच्या नोटिसा वाचत उभी राहिली. एक नर्स आणि एक ट्रक ड्रायव्हर. दोन शिक्षिका. आणि त्यांच्याखाली बेरिल ओल्डरॉइड, विधवा, धंदा रूबार्बची शेती. नेव्हिल सगडन, विधुर, निवृत्त बसचालक.

तिनं तिथूनच आईला फोन लावला.

“आई, तू बसलीयस का उभी आहेस?”

गेनर चष्म्याच्या दुकानात काउंटरमागं उभी होती. ऐकल्यावर ती बसली. बेरिल तिची सासू होती आणि नेव्हिल तिचा बाप.

कायद्याला याचं काहीच नव्हतं. पूर्वी चर्चच्या भिंतीवर एक तक्ता टांगलेला असायचा, कुणी कुणाशी लग्न करू नये याचा. त्यात आजी होती, सावत्र आई होती, सून होती, पण विहीण नव्हती. या लोकांच्या बोलीत व्याह्याला आणि विहिणीला नावच नाही. मुलांची लग्नं झाली, की दोन्हीकडची म्हातारी नाताळला एका टेबलाशी कागदी टोप्या घालून बसतात आणि एकमेकांची कुणी लागत नाहीत. कुणी लागतच नाहीत म्हटल्यावर अडवणार कोण?

सगळ्यात झोंबणारी गोष्ट अशी, की हे जुळवलं होतं गेनरनंच. तिची आई मार्जरी गेल्यावर नेव्हिल घरात बसून भिंतींकडं बघत असायचा. बेरिलला हिवाळ्यात रूबार्बच्या, म्हणजे गोड पदार्थांत घालायच्या तांबड्या देठांच्या, शेडमध्ये माणूस हवा होता. तिथं अंधारातच काम चालतं, कारण उजेड लागला की देठ हिरवे आणि आंबट होतात. तोडणीसुद्धा मेणबत्तीच्या उजेडात करायची. तर दोन एकट्या म्हाताऱ्या जिवांना एका उबदार, अंधाऱ्या शेडमध्ये मेणबत्ती लावून सबंध हिवाळा बसवायचं, असं गेनरनं आपल्या डोक्यानं ठरवलं होतं, आणि तेव्हा तिला त्यात सर्दी सोडून दुसरा धोका दिसला नव्हता.

संध्याकाळी तिनं रसेलला सांगितलं. तो बूट काढत होता. एक पाय बुटात आणि एक बाहेर अशा अवस्थेत त्यानं ते ऐकलं. आई, असं काही तो म्हणाला नाही. म्हाताऱ्या वयात काय हे, असंही नाही.

“मृत्युपत्र,” तो म्हणाला.

इंग्लंडात माणसानं लग्न केलं, की त्याआधीचं त्याचं मृत्युपत्र रद्द होतं. बेरिलच्या मृत्युपत्रात शेडसकट सगळं शेत रसेलच्या नावानं होतं. रसेल घरं बांधायचा धंदा करायचा, आणि त्या शेतावरच्या वसाहतीचा नकाशा त्यानं कधीच काढून ठेवला होता. रस्त्यांना नावंही दिली होती. एका बंद गल्लीला आईचं नाव दिलं होतं, म्हणजे तिला परकं वाटू नये.

त्यानं त्याच पावली बहिणीला फोन केला. डेनीस आणि तो बापाच्या माघारी त्याचा बँडमधला भोंगा कुणी ठेवायचा यावरून बोलत नव्हते. त्या संध्याकाळी दोघं असे बोलले की गेनरला वाटलं, यांचं एकमेकांवाचून पान हलत नसावं. ठरलं असं, की रविवारी जेवायला दोघा म्हाताऱ्यांना बोलवायचं आणि प्रेमानं सांगायचं. प्रेमानं ऐकलं नाही, तर कचेरीत जाऊन हरकत घ्यायची. नोटीस लावतात ती त्यासाठीच असते. अठ्ठावीस दिवस ती फळ्यावर राहते, आणि ज्याला कुणाला हरकत असेल त्यानं कारण देऊन ती लेखी घ्यायची. मग चौकशी होईपर्यंत लग्न अडून राहतं.

“कारण काय देणार?” गेनरनं विचारलं.

“कारण आहेच,” रसेल म्हणाला. “आपण भाऊ-बहीण होऊ.”

सावत्र, ती म्हणाली. सावत्र तर सावत्र, तो म्हणाला, पण बिछान्यात त्यानं त्या रात्री पाठ फिरवली ती गंभीरपणे फिरवली.

रविवारी डेनीस हॅरोगेटहून लवकर आली. भट्टीत मांस भाजत होतं, यॉर्कशायर पुडिंगचं पीठ मुरत होतं, आणि टेबलाभोवती हरकतीची कारणं निवडायचं काम सुरू झालं. टॅम्सिन फोनमध्ये बघून एकेक वाचून दाखवत होती, आणि तिला त्यात जरा जास्तच मजा वाटत होती. वय लहान असणं. ते लगेच सोडून दिलं. आधीचा नवरा किंवा बायको जिवंत असणं. दोघांचेही जोडीदार गावच्या दफनभूमीत होते, आणि दोन्ही दफनांनंतरची सँडविचेस गेनरनंच केली होती. जवळचं रक्ताचं नातं. नाही. जबरदस्तीनं लग्न लावणं.

“आईवर जबरदस्ती करणारा मला एकदा बघायचाय,” डेनीस म्हणाली.

मग राहिलं शेवटचं. लग्न म्हणजे काय हे समजण्याइतकं डोकं ठिकाणावर नसणं.

गेनरच्या लक्षात आलं की सगळे तिच्याकडं बघतायत. तिच्या बापाकडून परवाच किटली गॅसवर राहिली होती. दुधाची बाटली कपाटात आणि साखर फ्रीजमध्ये ठेवली होती. डेनीसला हे ठाऊक होतं, म्हणजे रसेलनं आधीच सांगितलं होतं.

“आणि तुमच्या आईचं डोकं का नाही?” गेनरनं विचारलं.

रसेल म्हणाला, आईचं डोकं फिरलंय असं लिहून दिलं, तर ती कचेरीत येऊन त्याचंच तपासून घेईल.

तेवढ्यात टॅम्सिननं पुढचं वाचलं. मृत्युपत्र नसेल, तर नवऱ्याच्या वाट्यानंतर जे उरेल ते सगळ्या मुलांत सारखं वाटलं जातं. तिनं ते सहज वाचलं. डेनीसनं हातातला पेला खाली ठेवला आणि परत वाचायला सांगितलं. जुन्या मृत्युपत्रात तिच्या वाट्याला चिनीमातीचे कुत्रे आले होते, एक जोडी.

“मला काय वाटतं,” ती म्हणाली, “आईच्या सुखाच्या आड आपण येऊ नये.”

भोंग्याच्या वेळी झालं नव्हतं इतकं भांडण त्या दोघांचं पुढच्या पाच मिनिटांत झालं. दारावरची घंटा वाजली तेव्हा रसेल एकटा पडला होता, आणि म्हणून त्यानं गेनरचा हात धरला. लग्नाच्या फोटोनंतर तो त्यानं असा धरला नव्हता.

बेरिल आली ती रूबार्बची जुडी काखेत घेऊन. मागून नेव्हिल आला, नव्या तांबड्या मोज्यांत. मोजे गेनरनं लगेच पाहिले. तिच्या आईनं त्याला उभ्या आयुष्यात करड्याखेरीज दुसरे मोजे घालू दिले नव्हते.

बेरिल बसली, ग्रेव्ही चाखली, उठून तिच्यात मीठ घातलं, आणि परत बसली. हे ती प्रत्येक रविवारी करायची. ही बाई आता आपली सावत्र आई होणार, या विचारानं गेनरनं काटा खाली ठेवला.

रसेलनं सुरुवात प्रेमानं केली. आम्हाला वाईट एवढ्याचंच वाटलं, तो म्हणाला, की तू आम्हाला सांगितलं नाहीस. आम्हाला ते फळ्यावर वाचावं लागलं.

“मग? लावलंय कशासाठी?” बेरिल म्हणाली. “सगळ्यांसाठीच लावलंय. नगरभवन सोमवार ते शुक्रवार उघडं असतं. तुम्ही जाऊन वाचत नाही, त्याला मी काय करू?”

“आई, फळ्यावरच्या नोटिसा कुणी वाचतं का?”

“ते मला कसं माहीत नसेल, रसेल? माझ्या परसात तू ते दोन बंगले बांधलेस, त्याची नोटीस तू गल्लीतल्या खांबाला बांधली होतीस. काटेरी जाळीत. मी तेव्हा कंबरेच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते.”

रसेल म्हणाला की ती नोटीस नियमाप्रमाणं होती.

“माझीही नियमाप्रमाणंच आहे. बटाटे दे इकडं.”

डेनीसनं बटाटे दिले, आणि नेव्हिलकडं बघत, यांना मोजे छान दिसतात, असं आईला सांगितलं. टॅम्सिनला ठसका लागला.

रसेलनं मोर्चा वळवला. तो नेव्हिलशी गोड आवाजात, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलू लागला. आज वार कोणता, नेव्हिल?

“रविवार,” नेव्हिल म्हणाला. “नाहीतर तू आम्हाला जेवायला कशाला बोलावशील?”

“बरोबर. आणि पंतप्रधान कोण आहे सध्या?”

नेव्हिलनं घास चावून संपवला. “सकाळपासून बातम्या ऐकल्या नाहीत रे,” तो म्हणाला. “बदलला असला तर ठाऊक नाही.”

रसेलनं गेनरकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, आणि दुःखाच्या मागं दुसरंही काही होतं, आणि तेच जास्त दिसत होतं.

शेवटी रूबार्बचं गोड क्रंबल खाताना बेरिलनं जाहीर केलं की लग्न पुढच्या महिन्यात गुरुवारी आहे, कारण गुरुवारी बाजार बंद असतो. त्यानंतर चहा. कुणी येणार असलं तर यावं, नसलं तर सँडविचेस कमी लागतील. सगळं तिनं हवामान सांगावं तसं सांगितलं. नेव्हिल वाटी खरवडत होता. फक्त बेरिलला उठायला त्रास झाला तेव्हा त्यानं न बघता हात पुढं केला, आणि तिनं न बघता तो धरला. हे गेनरला ग्रेव्हीतल्या मिठापेक्षा जास्त खारट लागलं.

कारण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. फेब्रुवारीत मार्जरी गेल्याचा दिवस होता. दर वर्षी बाप-लेक त्या दिवशी थडग्यावर फुलं घेऊन जायची. या वर्षी गेनर फुलं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली, आणि घराला कुलूप होतं. तो शेडमध्ये होता. ती एकटीच गेली. नंतर तिनं त्याला विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. यांच्यात असलं विचारत नाहीत. विचारलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि मग दोघांनाही एका खोलीत बसणं कठीण होतं. त्यापेक्षा कुढत राहणं सभ्यपणाचं.

म्हणून रात्री भांडी पुसताना रसेलनं परत विषय काढला तेव्हा ती नाही म्हणाली नाही. तू मुलगी आहेस, तो म्हणाला, तुझं म्हणणं ते ऐकतील. मी लिहून दिलं तर शेतासाठी केलं म्हणतील.

“शेतासाठीच करतोयस ना?”

“आपल्यासाठी करतोय,” तो म्हणाला. आणि मग, “ती तुझ्या आईच्या पलंगावर झोपेल, गेनर.”

हे त्यानं नेमकं मारलं. इतकी वर्षं त्याला बायकोच्या मनातलं एकही अक्षर वाचता आलं नव्हतं, आणि हवं तेव्हा बरोबर वाचता आलं.

सोमवारी त्यानं तिला गाडीतून नगरभवनाशी सोडलं. आत यायचं त्यानं टाळलं. गाडी लावायला जागा नाही, असं कारण दिलं. जागा चार गाड्यांची होती.

नोंदणी कचेरीतल्या बाईला सर्दी झाली होती. तिनं गेनरला त्याच लहान खोलीत नेलं, जिथं जोडप्यांना एकेक करून नेतात. टेबलावर कागदी रुमालांचा खोका होता, आणि तो कचेरीचा की बाईचा ते कळत नव्हतं. हरकत खोटी आणि उगाच घेतलेली ठरली, तर लग्न अडल्याची भरपाई द्यावी लागते, हे बाईनं आधी सांगितलं. मग पेन पुढं केलं आणि कारण विचारलं.

गेनरनं सांगायला सुरुवात केली. किटली. दूध कपाटात. बस थांब्यावर उभा राहून गाणी म्हणतो. तांबडे मोजे घालतो. सांगताना तिच्या लक्षात आलं, की किटली आणि दूध एवढं सोडलं तर बाकीची यादी म्हणजे बाप खुशीत आहे, यापलीकडं काही नाही. आणि दूध तर ती स्वतःही कपाटात ठेवायची, कामावरून दमून आल्यावर.

“आणि माझ्या आईचा दिवस विसरला,” ती म्हणाली. हे म्हणता म्हणता तिनं खोक्यातला एक रुमाल ओढला, आणि ते कुणाचे हा प्रश्न सोडवून टाकला.

बाईनं स्वतःचं नाक पुसलं. मग म्हणाली, ठीक आहे, पण आपल्याला एक वाक्य नीट लिहावं लागेल. विसरतो एवढं पुरत नाही. लग्न म्हणजे काय, ते त्याला समजत नाही, असं तुम्हाला म्हणायचं आहे का? तसं असेल तर तसं लिहा आणि खाली सही करा.

गेनरनं पेन उचललं. ‘माझ्या वडिलांना लग्न म्हणजे काय ते’ एवढं तिनं लिहिलं.

आईचं शेवटचं वर्ष तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. मार्जरीला गिळता येत नव्हतं. नेव्हिल बसची पाळी संपवून यायचा, हात धुवायचा, आणि चमच्या-चमच्यानं कस्टर्ड भरवत बसायचा. प्रत्येक चमच्याच्या आधी तिला काहीतरी सांगायचा, आज कोण बसमध्ये चढलं, कुणाचं कुत्रं तिकिटाशिवाय बसलं. ती हसली की तोंड उघडायची, तेवढ्यात चमचा आत. ती त्याला शेवटी ओळखतही नव्हती. नवा ड्रायव्हर चांगला आहे, असं ती गेनरला सांगायची. त्यावर नेव्हिल टोपी काढून लवून नमस्कार करायचा.

लग्न म्हणजे काय हे न समजणारा माणूस गेनरला आपल्या घरात एकच ठाऊक होता, आणि तो बाहेर गाडीत बसून नकाशा बघत होता.

तिनं कागद चुरगळून पर्समध्ये टाकला. बाईला म्हणाली, माफ करा, तुमचा वेळ घेतला. बाई शिंकली आणि म्हणाली, रोज कुणी ना कुणी घेतंच.

जाताना गेनर फळ्याशी थांबली. काचेमागं बापाचं नाव सासूच्या नावाखाली होतं. आता वरखाली कोण असणार याबद्दल कुणाला शंका नको, असं तिला वाटलं. घरी गेल्यावर त्याला फोन करायचा आणि फेब्रुवारीबद्दल सरळ विचारायचं, असं तिनं ठरवलं. तो खोकेल, हवेबद्दल बोलेल, मग सांगेल. न सांगितलं तर परत विचारायचं.

गाडीत बसल्यावर रसेलनं नकाशा घाईनं मागच्या सीटवर टाकला.

“झालं?”

“झालं,” गेनर म्हणाली.

त्यानं आणखी काही विचारलं नाही. यांच्यात असलं विचारत नाहीत. त्यानं एक मोठा श्वास सोडला, तिच्या गुडघ्यावर थोपटलं, आणि तिला हाय स्ट्रीटवरच्या बेकरीच्या चहाघरात नेलं, जिथं तो एरवी फक्त गिऱ्हाइकांना न्यायचा. काय हवं ते घे, म्हणाला. तिनं सगळ्यात महागडा मलईचा केक घेतला आणि तो सावकाश, कडेपासून मध्यापर्यंत, एक कणही न सांडता खाल्ला. रसेल समोर बसून बोलत होता. चौकशीला महिने लागतील, म्हणाला. तोवर म्हाताऱ्यांचं डोकं थंड होईल. गुरुवारी आपण मुद्दाम कुठंतरी बाहेरगावी जाऊ, म्हणजे त्यांना ओशाळल्यासारखं व्हायला नको. त्यानं तिला शहाणी म्हटलं, आणि पुढं त्या गल्लीच्या नावातलं आईचं नाव काढून गेनरचं घालता येईल, असंही सुचवलं.

“तू जा बाहेरगावी,” ती म्हणाली. “मला त्या दिवशी काम आहे.”

निघताना तिनं काउंटरवरच्या मुलीला कस्टर्ड भरलेले दोन छोटे टार्ट बांधायला सांगितले.

“हे कुणाला?” रसेलनं विचारलं.

“बाबांना.”

त्याला वाटलं, बापाचं लग्न मोडून आल्यामुळं बायकोचं मन हळवं झालंय. अशा वेळी हात आखडता घेऊ नये, एवढी समज त्याला होती. त्यानं स्वतः पाकीट काढलं.

“एकट्या माणसाला दोन पुरतील का पण?” तो म्हणाला. “चार घे की.”

“दोनच बांध,” गेनर मुलीला म्हणाली. “एकेक होतो बरोबर.”